मुलीसाठी वसतिगृह : कॉलेजचं, संस्थेचं की कॉट बेसिस? दोन दिवसांत ठरवायचंय

शेवंता | ३ ऑगस्ट, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. आम्ही उदगीरचे. थोरल्या मुलीला कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) पहिल्या फेरीत पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात जागा लागली. शाखाही तिला हवी तीच मिळाली, संगणक. सीट फ्रीझ केली, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी कॉलेजला फोन लावला तेव्हा कळलं की वसतिगृहाचा कॅपशी काहीच संबंध नाही. त्याचा अर्ज वेगळा, फी वेगळी, यादी वेगळी. प्रवेश झाला म्हणजे खोली आलीच, असं आम्ही धरून चाललो होतो.

आता तीन वाटा समोर आहेत. कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहाची यादी १४ तारखेला लागेल आणि पहिल्या वर्षासाठी जागा थोड्याच आहेत. कॉलेजपासून पाच मिनिटांवर एक खाजगी हॉस्टेल आहे. महिना साडेनऊ हजार, दोन वेळचं जेवण धरून. ते म्हणतात, परवापर्यंत १५,००० डिपॉझिट भरा नाहीतर कॉट जाईल. तिसरी वाट म्हणजे शेजाऱ्यांची भाची धनकवडीत तीन मैत्रिणींबरोबर फ्लॅटवर राहते, तिथे एक जागा होऊ शकते.

मुलगी अकरावी-बारावीला लातूरला माझ्या बहिणीकडे होती. एकटी कधी राहिलेली नाही. मी शिवणकाम करते, यांची शेती आणि लहानसं किराणा दुकान आहे. १५,००० ही आमच्यासाठी लहान रक्कम नाही. कुणी या वाटेनं गेलं असेल तर सांगा. आणखी एक, सासूबाईंनी नातीसाठी कापसाची गादी भरायला काढली आहे. गादी इथून न्यावी का?

दुसरा_मजला | ३ ऑगस्ट, रात्री १०.१५

ताई, अभिनंदन! मी पुण्यातच तिसऱ्या वर्षाला आहे, पहिल्या वर्षापासून कॉलेजच्या हॉस्टेलवर.

डिपॉझिटचं उद्या बघू. कॉलेजच्या हॉस्टेलचा अर्ज मात्र आज रात्रीच भरा. जागा थोड्या आहेत म्हणून बऱ्याच मुली अर्जच करत नाहीत, आणि मग त्यांचं नाव प्रतीक्षायादीतही येत नाही. प्रतीक्षायादी खूप सरकते. पहिल्या यादीतली एखादी मेडिकलला जाते, एखादीला बेटरमेंटमध्ये, म्हणजे पुढच्या फेरीत, दुसरं कॉलेज लागतं, एखादीचे काका पुण्यात निघतात. माझा नंबर प्रतीक्षेत २३ होता. कॉलेज सुरू झाल्यावर बाराव्या दिवशी खोली मिळाली.

कागदपत्रं : कॅपचं अलॉटमेंट लेटर, कॉलेजच्या फीची पावती, सीईटीचं गुणपत्रक, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार, रहिवासी दाखला, जातीचा दाखला असेल तर तो आणि नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, फोटो. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो आणि तो ३१ मार्चपर्यंतच चालतो, मागच्या वर्षीचा असेल तर नवा काढा. सेतूत गर्दी असते, सकाळीच जा. अँटी-रॅगिंगचं हमीपत्र ऑनलाइन भरायचं असतं. ते विद्यार्थिनी आणि पालक दोघांच्या नावानं असतं.

नदीकाठ | ३ ऑगस्ट, रात्री १०.४०

डिपॉझिट भरण्याआधी माझं ऐका. गेल्या वर्षी मुलासाठी अशीच घाई केली. 'आज नाही भरलं तर कॉट जाईल' हेच वाक्य मलाही ऐकवलं होतं. १२,००० भरले. तीन आठवड्यांनी मुलाला कॉलेजचं हॉस्टेल मिळालं. पैसे मागायला गेलो तर म्हणे अकरा महिने राहिलात तरच डिपॉझिट परत. पावतीच्या मागे बारीक अक्षरात तसं छापलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. एक रुपया परत आला नाही.

कॉलेजची यादी लागायच्या आत भरणार असाल तर 'कॉलेजच्या वसतिगृहात जागा मिळाल्यास एका महिन्याचं भाडं कापून बाकी रक्कम परत' एवढं पावतीवर लिहून, सही घेऊन मगच पैसे द्या. लिहून द्यायला तयार नसतील तर उत्तर तुम्हाला मिळालंच.

बिलही नीट वाचा. भाड्यावर वेगळा जीएसटी लावलाय का ते बघा. जून २०२४ च्या जीएसटी परिषदेत ठरलं की शैक्षणिक संस्थेबाहेरच्या हॉस्टेललाही, महिना माणशी २०,००० पर्यंत भाडं आणि सलग ९० दिवस राहणं असेल तर कर नाही.

शेवंता | ३ ऑगस्ट, रात्री ११.३०

अर्ज भरला. लेक आणि मी दोघी आत्ता दुकानातच बसलोय, इथे नेट चांगलं येतं. एका रकान्यात अडलो, 'स्थानिक पालक'. यांचे एक चुलतचुलत भाऊ पिंपरीत मोठ्या हुद्द्यावर आहेत, त्यांचं नाव लिहू का? बोलणं फारसं नाही, पण नावाला वजन आहे.

पारिजात७२ | ४ ऑगस्ट, सकाळी ६.२०

शेवंताताई, मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून एकोणीस वर्षं काम केलं. आता निवृत्त आहे. ते नाव लिहू नका.

स्थानिक पालकाचा रकाना शिफारशीचा नसतो. रात्री दोन वाजता मुलीला ताप चढला, पोटात कळ आली, तर मी ज्याला फोन करणार तो माणूस आहे हा. फोन उचलणारा आणि रिक्षा करून येणारा. त्या शेजाऱ्यांच्या भाचीची आई पुण्यात असेल, गावचं कुणी लेकीसुनेकडे राहत असेल, त्यांना विचारून त्यांचं नाव द्या. विचारल्याशिवाय कुणाचंही देऊ नका. मी कितीतरी वेळा फोन लावलाय आणि पलीकडून 'कोण? आमच्या ओळखीची नाही' असं ऐकलंय. मुलगी शेजारी उभी असायची आणि तिला ते ऐकू जायचं.

दुसरा रकाना आजाराचा. तिथे बहुतेक पालक 'नाही' लिहितात. दमा असला, फिट येत असतील, थायरॉइडची गोळी असेल, शेंगदाण्याची ॲलर्जी असेल, सगळं लिहा. आजार लिहिला तर जागा नाकारतील अशी भीती असते. माझ्याकडे एका मुलीला पहिल्याच आठवड्यात पहाटे न्हाणीघरात फिट आली. अर्जावर काही नव्हतं. खोलीतल्या पोरी घाबरून किंचाळत होत्या, कुणी तिच्या तोंडात चमचा घालायला निघाली होती. तो घालायचा नसतो. तिला कुशीवर वळवायचं आणि आजूबाजूचं लागण्यासारखं बाजूला करायचं. मला आधी माहीत असतं तर तिच्या दोन्ही मैत्रिणींना हे शिकवून ठेवलं असतं आणि तिला वरची नाही, तळमजल्याची खोली दिली असती. मुलगी वाचली. पण ती पहाट मी विसरलेले नाही.

आता निवडीबद्दल. तुम्ही पुण्याला येणारच असाल तर जागा सकाळी अकरा वाजता बघू नका. तेव्हा मुली वर्गात असतात, फरशी पुसलेली असते, ऑफिसमधली बाई हसून बोलते. संध्याकाळी साडेसातला जा. तेव्हा खरं वसतिगृह दिसतं. पाणी येतंय का, जेवणाची रांग कशी आहे, किती मुलींमागे किती संडास-न्हाणीघरं आहेत, जिन्यात दिवा आहे का, बसथांब्यापासून फाटकापर्यंतचा रस्ता अंधारात कसा वाटतो. ऑफिसला थोडं विचारा, मुलींना जास्त विचारा. मला विचाराल तर तीन प्रश्न पुरतात. शेवटचं आजारी कोण पडलं आणि तिला कुणी नेलं? उन्हाळ्यात पाण्याचं काय होतं? रेक्टर रात्री इथे झोपतात का? तिसऱ्याला 'येतात अधूनमधून' असं उत्तर आलं तर मी माझी लेक तिथे ठेवणार नाही.

गादीचं उत्तर आत्ता देत नाही. आधी कॉटचं माप घ्या.

मुक्काम_पोस्ट | ४ ऑगस्ट, सकाळी ८.०५

मॅडमनी लिहिलेलं प्रत्येक पालकाने वाचावं.

मी पैशाच्या बाजूचं सांगतो. मी हिंगोली जिल्ह्यातला, समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहात राहून शिकलो. राहणं, जेवण फुकट, वह्या-पुस्तकं आणि वर निर्वाह भत्ता. ते नसतं तर मी बारावीनंतर ऊसतोडीला गेलो असतो. त्यामुळे कुणी 'शासकीय वसतिगृह नको' असं सरसकट म्हटलं की मला वाईट वाटतं. जागा बघा, मुलांशी बोला, मग ठरवा.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुणे-मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६०,००० : भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे. खुल्या प्रवर्गातल्या अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अर्ज शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर.

ताई, तुमचा प्रवर्ग सांगितलात तर नेमकं सांगता येईल. सांगायचं नसेल तरी हरकत नाही.

शेवंता | ४ ऑगस्ट, दुपारी १.१०

पारिजातताई, तुमचं उत्तर लेकीला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिला लहानपणापासून दमा आहे आणि आम्ही 'नाही' लिहिलं होतं. आज सकाळी कॉलेजला फोन करून दुरुस्त करून घेतलं. नाव न देणाऱ्या त्या क्लार्कभाऊंनी चटकन केलं.

मुक्कामदादा, आम्ही ओबीसी. नॉन-क्रिमिलेअर आहे, उत्पन्नाचा दाखला १ लाख ८० हजारांचा आहे.

मुक्काम_पोस्ट | ४ ऑगस्ट, दुपारी २.००

मग तीन गोष्टी.

एक, २०२४-२५ पासून ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) मुलींना, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ते कॉलेजात सांगून ठेवा. मात्र वसतिगृह आणि मेस त्यात येत नाही. पुष्कळ पालक 'मुलींचं शिक्षण फुकट' एवढंच ऐकून येतात आणि खोलीच्या पैशापाशी अडतात.

दोन, ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास विद्यार्थ्यांसाठी शासनाने जिल्ह्याला दोन, एक मुलांचं एक मुलींचं, अशी ७२ वसतिगृहं मंजूर केली. बरीच भाड्याच्या इमारतीत आहेत. पुण्याच्या मुलींच्या वसतिगृहाची चौकशी इतर मागास बहुजन कल्याणच्या जिल्हा कार्यालयात करा.

तीन, तिथे जागा नाही मिळाली तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. स्वाधारसारखीच, पुण्यात वर्षाला ६०,०००. २०२३-२४ पासून आहे. पण जिल्ह्याला ६०० विद्यार्थी एवढीच मर्यादा आहे आणि निवड गुणांवर होते, म्हणून शेवटच्या तारखेची वाट बघू नका. पैसे हप्त्यांनी मुलीच्या आधार कार्ड जोडलेल्या खात्यात येतात. तेव्हा पहिल्या तीन-चार महिन्यांचा खर्च घरूनच धरून चला. बँक खातं आणि आधार कार्ड जोडलेलं आहे का, हे उदगीर सोडायच्या आत तपासा. शासकीय वसतिगृह आणि आधार योजनेचे पैसे, दोन्ही एकदम मिळत नाहीत.

कृष्णाकाठ | ४ ऑगस्ट, संध्याकाळी ७.३०

इथे सगळे कॉलेजचं, सरकारी आणि खाजगी बोलतायत. चौथा प्रकार राहून गेला : विश्वस्त संस्थांची आणि समाजांची बोर्डिंगं.

मी कोल्हापूरचा, त्यामुळे हा विषय जवळचा. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग एकेका समाजाला जागा आणि पैसा देऊन जैन, लिंगायत, मुस्लिम अशी वसतिगृहं उभी केली. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क होस्टेल झालं. खेड्यातलं पोर शहरात टिकायचं तर त्याला आधी छप्पर आणि भाकरी लागते, शाळा नंतर, हे त्यांनी ओळखलं होतं. जैन बोर्डिंगात शिकलेल्या भाऊराव पाटलांनी तेच साताऱ्यात १९२४ मध्ये केलं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवायची. ते चालवायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. माझे आजोबा त्याच साताऱ्याच्या बोर्डिंगात होते. सुट्टीत दगड फोडायचे, शेतात राबायचे आणि शिकायचे. म्हातारपणीसुद्धा ताटात एक शीत राहू द्यायचे नाहीत. आम्ही विचारलं की म्हणायचे, बोर्डिंगात वाढणाऱ्या वहिनींना वाईट वाटायचं.

ही परंपरा अजून चालू आहे. पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती आहे, १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपट्यांनी सुरू केलेली, खेड्यातल्या गरजू मुला-मुलींसाठी. अर्ज आणि मुलाखत घेऊन निवड होते. प्रत्येक समाजाच्याही संस्था असतात आणि पुष्कळशा आता सगळ्यांना घेतात. उदगीर-लातूरकडच्या कुणी पुण्यात विद्यार्थी भवन बांधलंय का, हे गावातल्या जुन्या शिक्षकांना विचारा. या जागांची जाहिरात नसते.

हिंगणे_स्टॉप | ५ ऑगस्ट, सकाळी १०.४५

कर्वेनगरचं मी सांगते, महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या आवारातल्या वसतिगृहात मी चार वर्षं काढली. कर्व्यांनी आश्रम १९०० मध्ये हिंगण्याला आणला तेव्हा ते गावाबाहेर माळरान होतं आणि ते स्वतः फर्ग्युसनला शिकवायला रोज पायी जात. आता शहर पार पुढे गेलंय. अशा मोठ्या आवाराचा फायदा संध्याकाळी कळतो. मैत्रिणीबरोबर दोन तास चालता येतं, फाटकाबाहेर न जाता.

धनकवडीबद्दल विचारलंत. कॉलेज कुठल्या भागात आहे ते बघा. नकाशावर सात-आठ किलोमीटर दिसतात, पण स्वारगेट ओलांडून रोज सकाळी बसने जायचं म्हणजे तासभर धराच. पहिल्या वर्षाला सकाळी वर्ग, दुपारी प्रॅक्टिकल, वर्कशॉप. खोली कॉलेजपासून लांब घेतली की पहिल्यांदा झोप जाते आणि मग ग्रंथालय.

आकाशदिवा | ५ ऑगस्ट, रात्री ११.१५

मला एक मुद्दा मांडायचा आहे. आमच्या कॉलेजात ग्रंथालय रात्री अकरापर्यंत उघडं असतं. मुलांच्या हॉस्टेलचं फाटक तेव्हाही उघडं असतं. मुलींचं साडेनऊला बंद. फी तेवढीच, परीक्षा तीच. परीक्षेच्या आठवड्यात मी खोलीच्या पॅसेजमध्ये वर्तमानपत्र अंथरून अभ्यास केलाय, कारण खोलीतल्या दोघींना झोपायचं असायचं. वसतिगृह निवडताना पालक 'लवकर बंद होतं म्हणजे चांगलं' एवढंच बघतात. अभ्यासिका आतमध्ये आहे का आणि ती कितीपर्यंत उघडी असते, हे कुणी विचारत नाही.

पारिजात७२ | ६ ऑगस्ट, सकाळी ६.४०

आकाशदिवा, तुझं बरोबर आहे. मी स्वतः नऊचं फाटक सांभाळलंय आणि त्यामागची भीती खरी होती. बाहेरचा रस्ता अंधारा होता, पहारेकरी एकच. पण त्याची किंमत मुलींनी भरली, हेही खरं. शेवटच्या पाच वर्षांत आम्ही जेवणाचा हॉल दहानंतर अभ्यासिका म्हणून उघडा ठेवायला लागलो. खर्च आला दोन ट्यूबलाइटचा आणि एका मावशींच्या जास्तीच्या पगाराचा. हे पंधरा वर्षं आधी करायला हवं होतं.

शेवंताताई, हा प्रश्न तुमच्या यादीत घालाच.

तिघी_मैत्रिणी | ६ ऑगस्ट, दुपारी १२.३०

फ्लॅटच्या बाजूनं बोलायला कुणी नाही म्हणून लिहिते. दुसऱ्या वर्षापासून आम्ही तिघींनी फ्लॅट घेतला आणि मला तो आवडला. मी सोलापूरकडची, रोज पोळी मला जात नाही. आम्ही परातीत ज्वारीचं पीठ मळून भाकरी करायचो, शेंगाचटणी घरून यायची. पण पहिल्याच वर्षी हे जमलं नसतं. गॅसचा नंबर, कामवाल्या मावशी, विजेचं बिल, घरमालकाचे फोन, यात सप्टेंबर कधी येतो कळत नाही. वर्गातल्या ओळखीही हॉस्टेलवरच पक्क्या होतात.

फ्लॅट घ्यायचाच असेल तर ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेला हवा आणि त्यात तुमच्या मुलीचं नाव हवं. नुसती 'शेजाऱ्यांच्या भाचीची मैत्रीण' म्हणून राहिली तर घरमालक उद्या तिला ओळखणार नाही. पोलीस पडताळणीचीही नोंद करून घ्या.

दुसरा_मजला | ६ ऑगस्ट, रात्री ९.००

मेसचं कुणी बोललं नाही. महिन्याचे पैसे आगाऊ घेतात, म्हणून खाड्याचा नियम विचारा. गावी गेल्यावर किती दिवसांचा खाडा कापतात, आधी किती दिवस सांगावं लागतं. रविवारी रात्री बऱ्याच ठिकाणी मेस बंद असते, त्याचा खर्च वेगळा धरा. खोलीत इलेक्ट्रिक किटली, शेगडी चालत नाही, सापडली तर जप्त होते.

रॅगिंगची भीती वाटत असेल तर : महाराष्ट्रात १९९९ चा कायदा आहे, यूजीसीचे २००९ चे नियम आहेत. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास. नंबर तिच्या फोनमध्ये ठेवा. पहिल्या वर्षाच्या मुली शक्यतो वेगळ्या ठेवाव्यात असं नियमच सांगतात, तुमच्या हॉस्टेलवर तसं आहे का ते विचारा.

शेवंता | ९ ऑगस्ट, रात्री १०.२०

मंडळी, काल पुण्याला जाऊन आलो. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं गेलो, रात्रीच्याच गाडीनं परत. लेक, मी आणि माझा भाऊ.

खाजगी हॉस्टेल पारिजातताईंनी सांगितलं तसं संध्याकाळी साडेसातला बघितलं. फोनवर पाठवलेल्या फोटोत खोली मोठी दिसत होती. प्रत्यक्षात चार कॉटांमध्ये चालायला जागा नाही, मजल्यावर चौदा मुली आणि दोन संडास. भिंतीला ओल होती, लेकीला दहा मिनिटांत खोकला सुरू झाला. जिन्यात बसलेल्या एका मुलीला विचारलं, शेवटचं कोण आजारी पडलं होतं? ती म्हणाली, मीच, डेंग्यू झाला होता, मैत्रिणीनं रिक्षानं नेलं, मालकांना तिसऱ्या दिवशी कळलं. १५,००० आम्ही भरले नाहीत. पावतीवर लिहून द्यायलाही ते तयार झाले नाहीत.

कॉलेजचं वसतिगृह जुनं आहे, रंग उडालेला. पण खोल्यांना उंच छत, मोठ्या खिडक्या, बाहेर वडाचं झाड. रेक्टरबाई आवारातच राहतात. अभ्यासिका आहे, बारापर्यंत. लेकीनं तिथल्या एका बीडच्या मुलीशी अर्धा तास गप्पा मारल्या आणि खाली येऊन म्हणाली, आई, मला इथंच मिळू दे.

कृष्णाकाठदादांचं ऐकून भावानं आमच्या शाळेतल्या जुन्या गुरुजींना विचारलं होतं. त्यांनी एका विश्वस्त संस्थेचं नाव दिलं. तिथेही अर्ज दिला, मुलाखत झाली. एकानं तिला विचारलं, घरी काय काम करतेस? ती म्हणाली, दुकानाचा हिशोब मी लिहिते. ते हसले. तिथलं उत्तर वीस तारखेनंतर.

नदीकाठ | ९ ऑगस्ट, रात्री १०.४५

१५,००० वाचले, फार बरं वाटलं. माझे गेले ते तुमच्या उपयोगी पडले.

शेवंता | १४ ऑगस्ट, संध्याकाळी ६.००

यादी लागली. नाव नाही. प्रतीक्षायादीत ११ वा नंबर. लेक दुपारपासून बोलत नाही. कॉलेज १८ ला सुरू होतंय.

दुसरा_मजला | १४ ऑगस्ट, संध्याकाळी ६.१०

ताई, ११ चांगला नंबर आहे. ज्यांचं नाव लागलंय त्यांना फी भरायची मुदत असते. ती संपली की दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयात कुणीतरी हजर हवं. रिकाम्या जागा त्याच दिवशी भरतात आणि फोन लागला नाही तर पुढच्या नावाला देतात. फी तयार ठेवा.

पारिजात७२ | १४ ऑगस्ट, रात्री ८.३०

तिला म्हणावं, माझ्या एकोणीस वर्षांत अकराव्या नंबरची मुलगी खोलीविना राहिलेली मला आठवत नाही. मधले दिवस कुठे राहायचं तेवढं बघा. शेजाऱ्यांच्या भाचीकडे पंधरा दिवस पाहुणी म्हणून, घरमालकाला सांगून, खर्चाचा वाटा देऊन. डिपॉझिट कुणालाही नको.

शेवंता | २६ ऑगस्ट, रात्री ९.१५

मिळालं!

फी भरायची मुदत २२ ला संपली. २३ ला सकाळी लेक एकटीच कार्यालयात जाऊन बसली, सगळी कागदं पिशवीत घेऊन. साडेबाराला नाव पुकारलं. अकरावी होती, सातवीची जागा झाली तेव्हाच तिची पण झाली, कारण मधल्या तिघी आल्याच नव्हत्या. आता दुसऱ्या मजल्यावर आहे, तिघी खोलीत. एक बीडची, एक चिपळूणची. स्थानिक पालक म्हणून भाचीच्या आईचं नाव दिलंय, त्या स्वतः येऊन सही करून गेल्या. इनहेलर कुठे ठेवलाय हे तिनं दोघींना दाखवून ठेवलंय.

संस्थेकडूनही होकार आला होता. त्यांना फोन करून जागा सोडली, म्हणजे दुसऱ्या कुणाला मिळेल. आधार योजनेचा अर्जही भरलाय.

एवढं एक राहिलं. कॉट मोजली. लांबी सहा फूट, रुंदी अडीच. सासूबाईंची गादी तीन फुटांची भरून झाली आहे. पिंजारी म्हणतो उसवून पुन्हा भरून देतो. उसवू का?

पारिजात७२ | २६ ऑगस्ट, रात्री ९.४०

उसवा. आणि निघालेला कापूस टाकू नका, त्याची उशी होईल. फक्त गादीला आणि उशीला जाड सुती अभ्रा शिवा, चेन लावून, दर पंधरवड्याला धुता येईल असा. दमा आहे ना.

शेवंता | २६ ऑगस्ट, रात्री ९.५५

अभ्रे उद्याच शिवते, मशीन घरचंच आहे. रविवारी भाऊ पुण्याला चाललाय, त्याच्याबरोबर पाठवते.